केस परत येत नाहीत, म्हणून आजाराचा जोर मोजा

चाई पडलेल्या जागी केस पुन्हा उगवू शकतात. व्रणकारी केसगळतीत मात्र केसाचं मूळच नष्ट होऊन तिथे व्रण उरतो. उपचार उरलेल्या केसांसाठी असतो.

● डॉक्टर काय विचारतात? खाज, वेदना, आग : प्रत्येकी ० ते ३ गुण.

● काय पाहतात? डोक्याच्या त्वचेची लाली, केसांच्या मुळांभोवतीची लाली व खपल्या : प्रत्येकी ० ते ३. शिवाय हलक्या ओढीने वाढीच्या अवस्थेतले केस निघतात का आणि चट्टा पसरतोय का.

● बेरीज : लायकेन प्लॅनोपायलॅरिस या व्रणकारी केसगळतीच्या प्रकारासाठी २०१० मध्ये मांडलेल्या निर्देशांकात कमाल १० गुण. लक्षणांच्या सरासरीला ३, लाली-खपल्यांच्या सरासरीला ३, ओढ-चाचणीला २.५, पसरण्याला १.५.

● उपचार : आजार सौम्य आणि मर्यादित असेल तर स्टेरॉइडचं मलम किंवा चट्ट्यात इंजेक्शन. जोर जास्त असेल, चट्टा पसरत असेल तर हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनसारख्या गोळ्या. त्या दीर्घकाळ घेताना डोळ्यांची तपासणी हवीच.

● सावधान : खाज थांबली म्हणजे आजार थांबला, असं नाही. दर भेटीत त्याच जागेचा फोटो काढून तुलना करावी. निदान पक्कं करायला चट्ट्याच्या सक्रिय कडेचा तुकडा तपासतात. उन्हाने बळावणारा डिस्कॉइड ल्युपस हा व्रणकारी प्रकार असेल तर मराठवाड्याच्या उन्हात रुमाल, टोपी विसरू नका.

● कुठे दाखवाल? नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय आयुर्विज्ञान संस्था : त्वचारोग विभाग.