पडद्यावरचे अध्यापन आणि विद्यापीठांचे दायित्व

महासाथीच्या काळात विद्यापीठांचे दरवाजे बंद होते, शिक्षण मात्र चालू राहिले, असे समाधान शैक्षणिक वर्तुळात आजही व्यक्त केले जाते. हे समाधान सर्वस्वी निराधार नाही. परंतु ते पूर्णतः खरेही नाही. व्याख्याने चालू राहिली, हे निर्विवाद. शिक्षण कितपत चालू राहिले, हा प्रश्न वेगळा आहे.

२५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा बहुसंख्य प्राध्यापकांनी कॅमेऱ्यासमोर उभे राहून कधी शिकविले नव्हते. काही आठवड्यांतच त्यांनी झूम, गूगल मीट, व्हॉट्सॲपचे गट अशी जी साधने हाती आली ती आपलीशी केली. कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी प्रवेश, शुल्क आणि परीक्षा-अर्ज यांचा गाडा ओढला. या श्रमांची नोंद कृतज्ञतेने घेतलीच पाहिजे. तथापि श्रमांचे कौतुक करताना परिणामांकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१७-१८ मध्ये केलेल्या पाहणीनुसार इंटरनेटची सोय ग्रामीण भागातील अवघ्या १४.९ टक्के कुटुंबांकडे होती. नागरी भागात हे प्रमाण ४२ टक्के होते. संगणक तर ग्रामीण भागात ४.४ टक्के कुटुंबांकडेच होता. पुढील दोन वर्षांत मोबाइलचा प्रसार वाढला, हे खरे; पण घरातील एकुलता फोन वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर सकाळी अकराचे व्याख्यान मुलीने ऐकावयाचे कसे? वर्गात प्रवेश मिळालेला विद्यार्थी अशा रीतीने वर्गाबाहेर राहिला आणि हजेरीच्या नोंदीत ते नेहमीच उमटले असेही नाही.

जे पडद्यापर्यंत पोहोचले, त्यांचीही अडचण निराळ्या प्रकारची होती. विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरील गोंधळ पाहून अनुभवी शिक्षक थांबतो, उदाहरण बदलतो, तोच मुद्दा दुसऱ्या वाटेने समजावतो. पडद्यावर त्याच्यापुढे उरल्या त्या नावांच्या मूक चौकटी. अध्यापनातील संवाद लोपला आणि पुरवठा तेवढा शिल्लक राहिला.

याचा दोष यंत्राच्या माथी मारणे सोपे आहे. पण ते न्याय्य ठरणार नाही. दुरून शिकविण्याचा अनुभव या देशाला नवा नव्हता. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८४ मध्ये दूरदर्शनवरून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम प्रसारित होऊ लागले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. दूरच्या विद्यार्थ्यासाठी पाठ मुद्दाम वेगळा लिहावा लागतो, त्याचे लहान घटक पाडावे लागतात, स्वतःची प्रगती पडताळण्यासाठी प्रश्न द्यावे लागतात आणि शंका विचारण्यासाठी जवळचे अभ्यासकेंद्र असावे लागते, हे या संस्थांना ठाऊक होते. पारंपरिक विद्यापीठांनी २०२० मध्ये या ज्ञानाचा पुरेसा लाभ घेतला नाही. बहुतेकांनी जुने वेळापत्रक जसेच्या तसे पडद्यावर नेले.

त्यांचे लक्ष गुंतले ते परीक्षांमध्ये. आयोगाने ६ जुलै २०२० रोजी अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घेण्याचा आदेश दिला. महाराष्ट्र शासनाचा त्यास विरोध होता. अखेर, परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही, मात्र मुदतवाढ मागता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट रोजी दिला. त्यानंतर राज्यातील अनेक विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांवर वेळ निभावून नेली. परीक्षा व्हाव्यात की नाही, यावर सारा उन्हाळा-पावसाळा वाद झाला. विद्यार्थ्याला काय समजले, याची चौकशी त्या मानाने फारच थोडी झाली.

हा केवळ गतकाळाचा हिशेब नव्हे. आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या शासकीय मंचावरून पूर्ण करता येतात. दुर्गम महाविद्यालयातील विद्यार्थ्याला नामवंत अध्यापकाचे व्याख्यान ऐकावयास मिळावे, ही इष्टच गोष्ट आहे. मात्र जेथे पदे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरील तुटपुंज्या मानधनावर विभाग चालतात, तेथे ध्वनिचित्रमुद्रित पाठ हा शिक्षकाचा साहाय्यक न ठरता त्याचा स्वस्त पर्याय ठरण्याचा धोका आहे.

तो टाळावयाचा असेल, तर मंचावरील प्रत्येक अभ्यासक्रमामागे शंकानिरसन करणारा आणि उत्तरे वाचून अभिप्राय देणारा शिक्षक महाविद्यालयात असलाच पाहिजे व त्याचे तास वेतनासाठी मोजले गेले पाहिजेत. व्याख्यानासोबत मराठीतील लिखित पाठ द्यावा. तो कमी क्षमतेच्या जोडणीवरही उतरवून घेता येतो. ग्रंथालयातील संगणक संध्याकाळपर्यंत खुले ठेवावेत. या व्यवस्थेस खर्च येईल, हे उघड आहे. तो करण्याची तयारी नसेल, तर पडद्यावरील अध्यापनास शैक्षणिक सुधारणा म्हणू नये. त्यास काटकसर असेच म्हणावे.