जेऊर ते औंढा: सापेक्षतेच्या पुराव्याची सव्वाशे वर्षे

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणात चंद्राची सावली विजयदुर्गापाशी किनाऱ्यावर चढली आणि जेऊर, पुलगाव करत ईशान्येकडे निघून गेली. पवनी तालुक्यातले कोंढा त्या पट्ट्याच्या आग्नेयेला राहिले. तिथे सूर्य बराचसा झाकला गेला असणार, पण पूर्ण नव्हे. खगोलशास्त्रात जागेला किती किंमत असते हे यावरून कळते. सापेक्षतेबद्दल मात्र आपण असा विचार करत नाही. आइन्स्टाइनचा सिद्धांत कागदावर जन्मला, तेव्हा तो निव्वळ गणिताचा मामला, अशी आपली समजूत. ती मला पटत नाही. त्याचा पुरावा पृथ्वीवरच्या नेमक्या जागी जाऊनच गोळा करावा लागला, आणि ते कसब ज्या तळांवर घडले त्यांत आपला मुलूखही होता.

सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा विल्यम कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन आला होता. त्यात सूर्यबिंब सुमारे ११ सेंटिमीटरचे उमटे. हाती वेळ जेमतेम दोन मिनिटांचा, आणि लक्ष सूर्याच्या प्रभामंडळावर. सूर्याच्या कडेने येणारा ताऱ्याचा प्रकाश वाकतो का, हे तेव्हा कोणी तपासत नव्हते. पुढे आइन्स्टाइनने १.७५ विकला इतका बाक वर्तवला. प्रकाशकणांना वजन आहे असे मानून न्यूटनच्या हिशेबाने येतो त्याच्या तो दुप्पट. उरलेला अर्धा भाग अवकाशाच्या वक्रतेचा. तो मोजायचा तर ग्रहणातले तारे टिपायचे आणि सूर्य तिथे नसताना रात्री घेतलेल्या त्याच ताऱ्यांच्या छायाचित्राशी जुळवून फरक काढायचा. १९१९ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनच्या मंडळींनी हेच केले. त्यांची छायाचित्रे मोजकी होती आणि एडिंग्टनचा कल आधीच ठरलेला होता, हा आक्षेप पोकळ नाही. पण १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉललला पुन्हा मोजणी झाली ती याच कॅम्पबेलच्या नेतृत्वाखाली, आणि लिकचे आधीचे प्रयत्न आइन्स्टाइनच्या बाजूने गेलेले नव्हते. उत्तर आले १.७२ विकला. आधीपासून पाठीराखा नसलेल्या माणसाच्या हातून आलेली ही साक्ष मला अधिक वजनदार वाटते.

यावर कोणी म्हणेल, जमीन आपली, शास्त्र परक्यांचे. १८९८ पुरते हेही अर्धेच खरे. जेऊरलाच पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला स्वतःची उपकरणे लावून बसले होते. पुढे कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर बनारसला सापेक्षता शिकवू लागले, त्यांचे चिरंजीव जयंतराव यांनी १९६४ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉयलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांनी स्पंदक ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षे टिपले. २०२३ मध्ये त्या नोंदी युरोपीय नोंदींशी जोडल्यावर सापेक्षतेनेच वर्तवलेल्या गुरुत्वीय लहरींपैकी अतिमंद लहरींच्या खुणा दिसल्या.

आता पाळी हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथची. २०२३ मध्ये तिथल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या शोधकाला अंतिम मंजुरी मिळाली. त्याच्या दोन्ही भुजा चार-चार किलोमीटरच्या असतील. अमेरिकेत असे दोन शोधक असताना तिसरा इथे कशाला, हा खर्चाकडे बोट दाखवणारा प्रश्न रास्त आहे. उत्तर पुन्हा जागेतच आहे. सप्टेंबर २०१५ ची पहिली लहर लुइझियानात पोहोचली आणि सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी वॉशिंग्टन राज्यात. तेवढ्या फरकावरून उगमाची दिशा आकाशाच्या जवळजवळ ६०० चौरस अंशांच्या पट्ट्यापलीकडे बारीक करता आली नाही. अमेरिकेपासून इतक्या दूरच्या औंढ्याची वेळ त्यात मिळाली, की हा पट्टा कितीतरी अरुंद होईल आणि दुर्बिणी कुठे रोखायच्या ते ठरवता येईल.