भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे

एप्रिल-मेमध्ये फिशटँकमधलं पाणी भराभर उतरतं. आपण वरून चार तांबे ओततो आणि पाणी बदलल्याचं समाधान मानतो. पण वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात आणि नव्या पाण्याबरोबर आणखी येतात. बोअरचं जड पाणी असेल तर काचेवर उमटणारी पांढरी रेघ हे सांगतच असते.

मग किती दिवसांनी बदलायचं? माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांचा अमोनिया होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. पाणवनस्पती अमोनिया थेट शोषतात, नायट्रेटही घेतात. म्हणून खाली माती, दाट झाडं आणि मोजके मासे असलेली टाकी महिनोनमहिने पाणी न बदलता चालते. अमेरिकेच्या डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ च्या पुस्तकात मांडलेली पद्धत हीच. झाडांच्या टाक्यांचे दुसरे जाणकार टॉम बार मात्र दर आठवड्याला निम्मं पाणी बदलायला सांगतात, कारण त्यांच्या पद्धतीत खतं सढळ हाताने घालतात आणि साचलेली काढून टाकावी लागतात. दोघांचंही खरं आहे, टाक्या वेगळ्या आहेत.

आपली घरगुती टाकी या दोहोंच्या मधली. साधा एलईडी, व्हॅलिस्नेरिया, जावा फर्न, आठ-दहा गप्पी. तिला आठवड्याला पाव हिस्सा पुरतो. नायट्रेट आठवड्याला लिटरमागे ५ मिलिग्रॅमने वाढत असेल, तर पाव पाणी बदलत राहिल्यास ते २० च्या वर जात नाही; दहा टक्केच बदललं तर ५० पर्यंत चढतं. टाकी नवी असेल तर पहिला महिनाभर आठवड्यातून दोनदा तरी बदलावं, कारण जिवाणू अजून रुजलेले नसतात.

मला खरी काळजी वाटते ती दिवाळीच्या साफसफाईची. वर्षभर हात न लावलेल्या टाकीचं पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं आणि त्यातला अमोनिया फारसा न बाधणाऱ्या अमोनियमच्या रूपात राहतो. एकदम बरंचसं ताजं पाणी पडलं की आम्लता उतरते आणि त्याच अमोनियमचं विष होतं. त्यातच फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला, तर क्लोरीनने जिवाणूही मरतात. दोन दिवसांत मासे तरंगतात आणि घरचे म्हणतात, आम्हाला मासे लाभत नाहीत. हे वाक्य मी फार घरांतून ऐकलं आहे आणि दर वेळी वाईट वाटतं.

अशा टाकीतलं पाणी एक दिवसाआड दहा टक्केच बदलावं. नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं तर क्लोरीन उडून जातो; पण पाण्यात क्लोरामाइन असेल तर नुसतं ठेवून भागत नाही, अँटी-क्लोरीनचे थेंब लागतात. थंडीत बादलीतलं पाणी टाकीइतकं कोमट झालंय का, ते हात घालून पाहावं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा आणि ते गढूळ पाणी कुंड्यांना घालावं. माझ्या कढीपत्त्याला ते चांगलंच मानवलं आहे.