दूरचा सोबती आणि फांशाचें दान

दोन मित्र समोरासमोर बसून पट मांडतात, तेव्हां फांसा कोणी टाकला व दान काय पडलें, हें दोघांच्याहि डोळ्यांदेखत घडतें. महाभारतांतील द्यूतसभेंत शकुनीचे फांसे भरसभेंत पडत होते, तरी त्यांविषयींचा संशय अद्याप फिटलेला नाहीं. मग एक खेळाडू एका शहरीं, दुसरा शेंकडों मैलांवर, आणि डाव केवळ पत्रव्यवहारानें चालावयाचा, अशा वेळीं फांसा टाकावयाचा कोणी? ऐतिहासिक लढायांचे जे खेळ मित्रमंडळी संगणकावर मांडून पाळीपाळीनें ई-मेलच्या द्वारां खेळतात, त्यांतील खरी अडचण हीच आहे.

बुद्धिबळाला ती कधीं पडली नाहीं. १८२४ ते १८२८ या काळांत लंडन व एडिंबरो येथील बुद्धिबळ मंडळांनीं टपालानें सामना खेळला आणि तो एडिंबरोनें जिंकला. बुद्धिबळांत दैवाला जागा नसते व पटावर कांहीं लपलेलें नसतें. चाल लिहून पाठविली कीं झालें. युद्धाची गोष्ट निराळी. सेनापतीची योजना कितीहि चोख असो, हल्ल्याचा निकाल आधीं सांगतां येत नाहीं, म्हणून युद्धाच्या खेळांत फांसा आलाच.

१९५८ सालीं अमेरिकेंतील ॲव्हलॉन हिल या कंपनीनें गेटिसबर्गच्या लढाईचा खेळ काढला. अमेरिकन यादवी युद्धांतील ही लढाई १८६३ च्या जुलै महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत झाली. नकाशा ही रणभूमि आणि पुठ्ठ्याचे तुकडे या पलटणी. पुढें असे खेळ बरेच निघाले. परंतु त्यांचे शौकीन गांवोगांव विखुरलेले, आणि पुष्कळांना आपल्या गांवांत प्रतिस्पर्धीच मिळेना. तेव्हां १९६० नंतरच्या दशकांत टपालानें खेळण्याची पद्धत रूढ झाली व फांशाच्या प्रश्नाला मोठें मौजेचें उत्तर सांपडलें. हल्ला करणारा आपल्या पत्रांत आगाऊ लिहून ठेवी कीं, अमुक तारखेस अमुक कंपनीच्या शेअरांची जी उलाढाल होईल, तिच्या आंकड्यावरून या हल्ल्याचें दान ठरावें. ती तारीख अर्थात् पत्र टाकल्यानंतरची असे. पुढें वर्तमानपत्रांत आंकडा छापून येई. दोघेहि आपापल्या घरीं तो पाहात आणि त्याच्या शेवटच्या अंकावरून कोष्टकांत दान शोधीत. टेकडीवरील पलटण टिकली कीं फुटली, हें शेअरबाजारानें ठरवावें, हा योग विचित्र खरा; पण त्या फांशाला दोघांपैकीं कोणाचाच हात लागत नसे.

१९९५ सालीं जॉन टिलर यांनीं रचलेला याच गेटिसबर्गचा खेळ टॅलनसॉफ्ट कंपनीनें संगणकासाठीं आणला. अशा खेळांत पाळी संपली कीं यंत्र रणभूमीची सारी स्थिति एका फाईलींत बंद करतें. ती फाईल ई-मेलनें मित्राकडे जाते. तो आपली पाळी खेळून ती परत पाठवितो. नियम मोजण्याची दगदग यंत्रानें पत्करली. शिवाय दृष्टीआडचें शत्रुसैन्य नकाशावर दिसूं नये, अशीहि सोय झाली. पुठ्ठ्याच्या पटावर ती जवळजवळ अशक्य होती.

फांसा मात्र आतां यंत्राच्या पोटांत गेला, आणि तें यंत्र हल्ला करणाराच्या घरीं. हल्ला फसला, तर त्यानें खेळ बंद करावा, तीच फाईल पुन्हां उघडावी व पुन्हां हल्ला करावा. कदाचित् या खेपेस दान चांगलें पडेल! मित्राला दिसणार तो फक्त शेवटचा निकाल. टपालाचा विलंब गेला, पण त्याबरोबर शेअरबाजाराचा निःपक्षपातीपणाहि गेला.

यावर खेळ रचणारांनीं नाना तोडगे काढले. २००० सालच्या 'कॉम्बॅट मिशन' या खेळांत दोघेहि हुकूम आधीं देऊन ठेवतात आणि यंत्र एका मिनिटाची लढाई दोघांसाठीं एकदमच चालवितें; त्या मिनिटांत कोणालाहि हुकूम फिरवितां येत नाहीं. कांहीं नव्या खेळांत फाईल मित्राकडे थेट न जातां तिसऱ्याच एका संगणकावर जाते व फांसाहि तेथेंच पडतो. म्हणजे फांसा पुन्हां दोघांच्या घराबाहेर गेला; जुन्या वर्तमानपत्राचीच ही नवी आवृत्ति. तथापि पुष्कळ मंडळी अजूनहि साध्या फाईलीवर आणि एकमेकांच्या शब्दावर खेळतात. पहिल्याच पत्रांत ठरतें कीं फाईल एकदांच उघडावयाची. मध्यें वीज गेली, तर तसें कळवावयाचें.

पण डाव बिघडतात ते बहुधा लबाडीनें नव्हे. तीन दिवसांची लढाई खेळावयास महिनेच्या महिने लागतात. एका बाजूची फळी फुटते, हार दिसूं लागते, आणि तिकडील फायली उशिरां येऊं लागतात. आधीं दोन दिवसांनीं, मग आठवड्यानें, मग येतच नाहींत. "हरलों" एवढा एक शब्द लिहून पाठविला असता, तर त्याच संध्याकाळीं नवा डाव मांडतां आला असता.