आरोपीनें शपथेवर बोलावें काय?

आरोपी न्यायालयांत गप्प राहिला, असें वर्तमानपत्रांत वाचतांच आपल्या घरांतून त्याचा निकाल लागून जातो. “खरें बोलावयास भय कसलें?” असें वडीलधारे विचारतात; भांडुपास लोकलमध्यें चढलेल्या मंडळींत तर हा निकाल दादर येण्यापूर्वींच जाहीर होतो! यांपैकीं कितीजणांवर स्वतःच्या मुलास पिंजऱ्यांत उभा पाहण्याची पाळी आली असेल?

१८९८ च्या फौजदारी कायद्यानें आरोपीस शपथ देण्यासच मनाई होती. १९०८ सालीं लोकमान्य टिळक न्यायमूर्ति दावर यांच्यापुढें २१ तासांहून अधिक बोलले. पण तें बचावाचें भाषण होतें, शपथेवरील साक्ष नव्हे. पुढें १९५५ च्या दुरुस्तीनें आरोपीस स्वतःचा साक्षीदार होण्याची मुभा मिळाली. नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५३ व्या कलमांत ती आजहि आहे. मात्र त्यानें लेखी मागणी केली पाहिजे, आणि न केल्यास त्यावर कोणीं टीका करूं नये वा त्याच्याविरुद्ध अनुमान काढूं नये, असें कलमच बजावतें. न्यायाधीश आरोपीस स्वतः जे प्रश्न विचारतात ते निराळे. तेथें शपथ नसते आणि उत्तर नाकारल्यास शिक्षाहि नसते.

ही मुभा नांवाचीच, असें वाटण्याजोगा प्रसंग मुंबईंत आला. एका गृहस्थावर एकीकडे तस्करीच्या खटल्याचें सावट, दुसरीकडे जकात खात्याची दंडाची चौकशी. तेथें बचाव करावयाचा तर शपथेवर बोलावें लागणार, आणि तेंच खटल्यांत गळ्याशीं येणार, अशी त्याची तक्रार. गावकर विरुद्ध शुक्ल या प्रकरणांत १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, बचावासाठीं साक्ष देण्याची गरज भासणें म्हणजे सक्ति नव्हे. घटनेचें २० (३) कलम सक्तीपासून रक्षण करतें. कायदा म्हणून हें आम्हांस पटतें. परंतु गरज किती गळा आवळते, तें ज्याचें त्यासच ठाऊक.

एकदां शपथ घेतली कीं उलटतपासणी आलीच. तींत निर्ढावलेला तरून जातो आणि निर्दोष पण भित्रा मनुष्य तारखांत अडखळतो, घाम पुसतो. आपखुशीनें दिलेली साक्ष त्याच्यावरच उलटते. तेव्हां तो लेखी अर्ज घरच्यांच्या आग्रहाखातर रात्रींतून लिहून देऊं नये. वकिलास जबान्या पुरत्या वाचूं द्याव्या, आणि सरकारपक्षाचा पुरावा संपेपर्यंत थांबावें.