एका मिस्ड कॉलची किंमत

एक मिस्ड कॉल म्हणजे ‘सुखरूप पोचलो’. दोन म्हणजे ‘तू फोन कर’. लागोपाठ तीन आले की मात्र जीव वरखाली, काहीतरी झालंय! मैत्रिणींनो, ही बाराखडी आपल्याला कुणी शिकवली होती? कुणीच नाही. ज्या घरात पैसा कमी, त्या घरातल्या बाईनं ती आपली आपण बसवली.

आपल्या देशात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता, आणि गंमत म्हणजे आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे. असलं यंत्र कुठली बाई हातात धरणार? मे २००३ मध्ये नियम बदलला. जो फोन करील त्यानं पैसे भरायचे, येणारा फोन फुकट. माझ्या मते आपल्याकडच्या बायकांच्या हाती मोबाइल आला तो या नियमामुळे. त्याच वर्षी नोकियाचा ११०० आला, डोक्याला टॉर्च असलेला. लोडशेडिंगच्या दिवसांत त्या टॉर्चचं महत्त्व मी जालनेकरणींना काय सांगू!

आमच्या जालना जिल्ह्यातल्या कित्येक गावांतून दिवाळीच्या सुमाराला जोडपी ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी आणि शाळेतली नातवंडं. बचत गटाच्या कामानं मी अशा घरांत जाते. फोन देवळीत नाहीतर दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत टांगलेला. तो उचलायचा, करायचा नाही. त्यात पैसे नसले तरी चालायचं, कारण वाजायला पैसे लागत नव्हते.

आता कंपन्यांच्या बाजूनं बघा. मिस्ड कॉल त्यांच्या तारेवरून जाणार आणि त्यांना मिळणार शून्य! आपण बायकांनी बड्या बड्या धंदेवाल्यांना असं फुकट राबवलं. काहींनी यातूनही धंदा काढला. बंगळूरूच्या झिपडायल या कंपनीनं ‘या नंबरवर मिस्ड कॉल द्या, माहिती तुमच्याकडे येईल’ अशी सोय मोठ्या कंपन्यांना विकली. जानेवारी २०१५ मध्ये ती कंपनी थेट ट्विटरनं विकत घेतली. कल्पना आपली, पैसे त्यांचे. असो.

५ सप्टेंबर २०१६ ला रिलायन्स जिओ बाजारात आली आणि सगळा खेळच पालटला. बोलणं फुकट, इंटरनेटही मार्च २०१७ पर्यंत फुकट. बाजारात नवा भाजीवाला आला, चार दिवस मेथीची जुडी फुकट वाटली, तर जुन्यांचं काय होईल? तेच झालं. रिलायन्स कम्युनिकेशन्सनं २०१७ च्या अखेरीला मोबाइलचं बोलणं बंद केलं, एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. मोठ्या खासगी कंपन्या उरल्या तीन. फुकटाला मी नावं ठेवत नाही हं. लॉकडाउनमध्ये आमच्या मुली शिकल्या त्या याच स्वस्त इंटरनेटवर.

पण २०१९ मधली एक गोष्ट बहुतेकींना माहीत नसेल. त्या वेळी एका कंपनीच्या ग्राहकानं दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला, की पहिलीनं दुसरीला मिनिटाला ६ पैसे द्यायचे असा नियम होता. जिओवरून बोलणं फुकट, म्हणून बाकीचे लोक जिओवाल्यांना नुसता मिस्ड कॉल द्यायचे. असे रोज २५ ते ३० कोटी मिस्ड कॉल येतात, असं जिओनं तेव्हा सांगितलं. उलट फोन जिओवाल्यानं केला की ६ पैसे जिओनं भरायचे! मग एअरटेलनं तक्रार केली, की जिओनं आपल्या फोनची घंटी वाजायची वेळच कमी केलीय. म्हणजे समोरचा उचलेपर्यंत घंटी बंद, आणि तोच उलट फोन करणार. मग इतरांनीही घंटी आखडली. शेवटी १ नोव्हेंबर २०१९ ला दूरसंचार नियामक म्हणजे ट्रायनं ठरवून दिलं, मोबाइलची घंटी ३० सेकंद वाजलीच पाहिजे. आपली मिस्ड कॉलची युक्ती या कंपन्यांनी एकमेकींवर उलटवली म्हणायची! १ जानेवारी २०२१ पासून ते ६ पैसेही गेले.

आणि ज्याच्यावर हे सगळं उभं होतं, तो फुकट येणारा फोन? तो २०१८ च्या अखेरीलाच संपत आला होता. ‘लाइफटाइम’ म्हणून घेतलेल्या कार्डांनाही एअरटेल, व्होडाफोन आयडियानं २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचं रिचार्ज लावलं. जुलै २०२४ च्या दरवाढीत एअरटेलचा २८ दिवसांचा पॅक १७९ चा १९९ झाला, जिओचा १५५ चा १८९. आणि २८ दिवस म्हणजे महिना नव्हे! वर्षाचे १३ महिने होतात त्यांच्या कॅलेंडरात.

रिचार्ज संपलं की थोड्या दिवसांत येणारा फोनही बंद. मग मिस्ड कॉलही येत नाही. आमच्या गटातली एक मावशी म्हणाली, “ताई, मला कुणाला फोन करायचाच नसतोय. लेकाचा आला तेवढा घ्यायचा. त्याला बी दोनशे रुपये?” २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येत होता. नंबर बंद पडलेल्या बायका आधी रिचार्जच्या दुकानात, मग सेवा केंद्रात. नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर तो कायमचाही जाऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना सांगितलं, इंटरनेट नको असणाऱ्यांसाठी नुसत्या बोलण्याचा आणि एसएमएसचा पॅक ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलनं असा ३६५ दिवसांचा पॅक १८४९ रुपयांना आणला. १९९ चा पॅक वर्षाला १३ वेळा भरला तर २५८७ होतात, म्हणजे ७३८ रुपयांचा फरक. दुकानदार हा पॅक आपणहून सांगेलच असं नाही, नाव घेऊन विचारावं लागतं. भावही बदलत राहतात, तेव्हा आजचा दर आधी विचारा.

पण एकदम १८४९ आणायचे कुठून? साठ रुपयांचं तेल आणि पाव किलो डाळ घेणाऱ्या घराला वर्षाचं रिचार्ज म्हणजे वर्षाचं धान्य भरण्यासारखंच. स्वस्त पडतं ते एकदम भरणाऱ्याला. म्हणून आमच्या गटानं गेल्या बैठकीत तीन जणींना शेळीसाठी देतो तसं यासाठी अंतर्गत कर्ज दिलं. दरमहा दोनशे परतफेड. त्यातल्या दोघींची माणसं कारखान्यावर आहेत.