न फिटणारं देणं

भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा पुरे का, असं पेत्राने येशूला विचारलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय १८) येशू त्यावर एका चाकराची गोष्ट सांगतो. चाकराच्या डोक्यावर राजाचं १०,००० तालांतांचं कर्ज होतं. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दीनार, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. हयातभर राबूनही न फिटणारं देणं! राजाला दया आली, त्याने सगळं माफ केलं. बाहेर पडताच त्याच चाकराने १०० दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. ख्रिस्ती क्षमेचं मर्म मला या दोन आकड्यांमधल्या अंतरात दिसतं. देवाची दया आधी येते, ती कमवावी लागत नाही; माणूस दुसऱ्याला क्षमा करतो तो त्या ऋणाची जाणीव ठेवून.

क्षमा केली म्हणून गुन्हा पुसला जात नाही, हेही खरं. १३ मे १९८१ रोजी मेहमत अली आग्जाने पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या. पोपनी रुग्णालयातूनच त्याला जाहीर क्षमा केली आणि डिसेंबर १९८३ मध्ये रोमच्या तुरुंगात जाऊन त्याची भेटही घेतली. आग्जाची शिक्षा मात्र चालूच राहिली. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली ती २००० साली.